वाट चुकलेला थेंब

फोटो छापून हातात येतो आणि निळ्या आकाशातून एक बारीक पांढरी रेघ आडवी गेलेली दिसते. फ्लेक्सच्या दुकानात असं झालं की ऑपरेटर लगेच म्हणतो, "हेड चोक झालंय." बहुतेकदा त्याचं बरोबर असतं. छपाईच्या हेडमधलं शाई सोडणारं एखादं छिद्र, म्हणजे नोझल, वाळलेल्या शाईने बुजलेलं असतं. पण कधी कधी नोझल चालू असतं, थेंबही वेळेवर सुटतो, फक्त पडतो भलतीकडेच. बुजलेलं नोझल ओळखणं सोपं असतं. वाट चुकलेला थेंब हवेतच पकडणं हे खरं कसबाचं काम, आणि ते प्रकाशाकडून करून घेतलं जातं.

इंकजेटचा एक थेंब साधारण ४ पिकोलिटरचा धरू. ५ मिलिलिटरच्या चमच्यात असे सव्वाशे कोटी थेंब मावतात. एकाचा व्यास जेमतेम २० मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. सेकंदाला ५ ते १० मीटर वेगाने निघून तो मिलिमीटरभर खाली असलेल्या कागदावर आदळतो. एवढ्याशा प्रवासात चुकून चुकणार ते किती? पण १२०० डीपीआयच्या छपाईत दोन ठिपक्यांमध्ये अंतरच मुळी २१ मायक्रॉन असतं. थेंब एका अंशाने तिरका निघाला तरी मिलिमीटरभर जाईपर्यंत १७ मायक्रॉन सरकतो, म्हणजे जवळपास शेजाऱ्याच्या जागेवर जाऊन पडतो. त्याची स्वतःची जागा कोरी राहते. त्या नोझलच्या प्रत्येक थेंबाचं असंच झालं, की उमटते ती रेघ.

या तिरकेपणाचं कारण बहुधा नोझलच्या तोंडाशी सापडतं. तिथे एका बाजूला शाईचा पापुद्रा धरलेला असतो, कागदाचा तंतू चिकटलेला असतो, किंवा नुसता ओलावा साचलेला असतो. थेंब सुटताना त्याच्यामागे शाईची बारीक शेपटी ताणली जाते. ती ओल्या बाजूला ओढली गेली की थेंबही तिकडे कलतो.

काळोख्या खोलीत कवडसा पडला की एरवी न दिसणारी धूळ त्यात लखलखते. प्रिंटरमधला प्रकाशीय संवेदक याच तत्त्वावर चालतो. नोझलांच्या खालून, कागदाला समांतर, एलईडीचा किंवा लेझरचा झोत सोडतात. समोर प्रकाश मोजणारा फोटोडायोड असतो. थेंब झोतातून गेला की त्याची सावली पडते. पण झोत मिलिमीटरभर जाड असेल, तर २० मायक्रॉनचा थेंब त्यातला अडीच हजारावा हिस्साच अडवतो. एवढी घट विद्युत गोंगाटात सहज हरवते. यावर एक उपाय असा, की त्याच नोझलमधून ठरावीक लयीत थेंबांची माळ सोडायची आणि संकेतातली तेवढीच लय उचलायची. दुसरा उपाय म्हणजे डायोड झोताच्या थेट वाटेतून थोडा बाजूला बसवायचा. मग एरवी त्याच्यासमोर अंधार असतो आणि थेंब आला की त्याच्यावरून विखुरलेला प्रकाशच तेवढा पोचतो. उजेडातली किंचित घट शोधण्यापेक्षा अंधारातली चमक शोधणं केव्हाही सोपं.

थेंब आला की नाही, हे यातून कळलं. तो सरळ आला का, हे कसं कळावं? झोत मध्यभागी प्रखर आणि कडेला मंद असतो, त्यामुळे बाजूने गेलेला थेंब कमी चमकतो. पण लहान थेंबही कमीच चमकतो. दोघांत फरक करायचा, तर एकदा मोजून भागत नाही. म्हणून हेड वाहून नेणारा कॅरेज झोतावरून हळूहळू सरकवतात, थेंब सोडत राहतात आणि चमक सर्वाधिक कुठे झाली ते नोंदवतात. ती जागा अपेक्षेपेक्षा पुढेमागे आली, तर थेंब तेवढाच तिरका जातो आहे.

खरी मेख यापुढे आहे. नोझलांची रांग कॅरेजच्या धावण्याला काटकोनात असते. झोतही रांगेला समांतर ठेवला, तर कॅरेजच्या दिशेने भरकटलेला थेंब पकडला जातो. पण ही चूक तशी सौम्य आहे, कारण थेंब क्षणभर आधी किंवा नंतर सोडला की ती भरून निघते. रांगेच्या दिशेने भरकटलेला थेंब मात्र झोताच्या लांबीतच पुढेमागे होतो आणि चमक होती तेवढीच राहते. पांढरी रेघ पाडतो तो हाच, आणि वेळ बदलून तो सुधारतही नाही. म्हणजे जी चूक सर्वांत महाग, तिच्याकडेच हा संवेदक आंधळा. तोडगा निव्वळ भूमितीचा आहे: झोत तिरका लावायचा. मग रांगेतलं सरकणंही चमकेच्या जागेत उतरतं. एकमेकांना छेदणारे दोन तिरके झोत वापरले, तर दोन्ही दिशांची चूक वेगवेगळी काढता येते. शालेय भूमितीतल्या दोन छेदणाऱ्या रेषा इतक्या नेमक्या कामाला आलेल्या पाहून मला मनापासून आनंद होतो.

अर्थात, अडचणी उरतातच. मुख्य थेंबाबरोबर सुटणारे अतिसूक्ष्म तुषार हवेत तरंगतात आणि भिंगावर बसतात. त्यामुळे झोताची मूळ तीव्रता वरचेवर तपासून घ्यावी लागते.

दोषी नोझल कळलं की प्रिंटर फक्त त्याचीच साफसफाई करू शकतो. सरसकट 'हेड क्लीनिंग'मध्ये चांगल्या नोझलांचीही शाई वाया जाते आणि महागड्या कार्ट्रिजमधली ती नासाडी कोणालाही खटकावी अशीच असते. साफ करूनही नोझल सुधारलं नाही, तर ते बंद करून पुढच्या फेरीत दुसऱ्या नोझलकडून ती जागा भरून घेतात. १९८४ साली आलेल्या एचपीच्या थिंकजेटच्या हेडमध्ये १२ नोझल होती. २०१३ साली आलेल्या त्याच कंपनीच्या ऑफिसजेट प्रो एक्समध्ये ती ४२,२४० झाली. त्यात हेड जागचं हलतच नाही, कागद एकदाच खालून जातो, त्यामुळे दुसरी फेरी नाही. तिथे विखुरलेल्या प्रकाशावरून नोझल तपासतात आणि बिघडलेल्याचा वाटा आजूबाजूच्या नोझलांवर सोपवतात.

कागदावरची रेघ फार तर डोळ्यांना खुपते. ओएलईडी पडद्याचे पिक्सेल इंकजेटने छापताना लाल, हिरव्या आणि निळ्या द्रव्यांसाठी मायक्रॉनमध्ये मोजावे लागतील इतके अरुंद, वेगवेगळे खळगे असतात. लाल थेंब हिरव्याच्या खळग्यात पडला, तर तो पिक्सेल कायमचा बिघडतो. तिथे आधी छापून मग दोष शोधण्याची सोयच नसते, म्हणून काचेला हात लावण्यापूर्वीच नोझलांच्या थेंबांची वाट हवेत मोजून घेतली जाते.