हो म्हणणाऱ्यापासून जपून

‘डिप्लोमसी’च्या डब्यात फासे नसतात आणि पत्तेही नसतात. दान चुकलं, नशीब फुटकं, अशी रड इथे चालत नाही. पटावर पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप असतो. साल १९०१, वसंत ऋतू. सात खेळाडू सात सत्ता घेऊन बसतात. प्रत्येकाकडे सैन्य आणि आरमार मिळून तीन सोंगट्या, एकट्या रशियाकडे चार. पटावरच्या ३४ केंद्रांपैकी १८ ज्याच्या हाती येतील तो जिंकला. पण एका प्रांतात दोघं सारख्याच ताकदीने घुसले तर दोघंही होते तिथेच राहतात. पुढे सरकायचं तर शेजाऱ्याचा पाठिंबा हवा आणि तो मागायला खुर्चीवरून उठावं लागतं.

अमेरिकेतल्या अ‍ॅलन कॅलहॅमर यांनी १९५४च्या सुमारास हा खेळ रचला. कंपन्यांनी नाही म्हटल्यावर १९५९मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने ५०० प्रती काढल्या. हार्वर्डमध्ये शिकलेला हा माणूस पुढे पोटासाठी पोस्टमन झाला. त्याचा खेळ लोक साठच्या दशकात टपालाने खेळू लागले होते, हे मला फार आवडतं.

आमचा पट मांडला जातो पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी, कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये. चिठ्ठ्या उचलल्या की माणसांची नावं संपतात. ‘इटली, चहा टाक ना गं’, ‘थांबा, जर्मनीला बायकोचा फोन आलाय’ अशी भाषा सुरू होते. बोलणी कधीच पटाजवळ होत नाहीत. गॅलरी, स्वयंपाकघर, जिन्यातला कोपरा या जागा ठरलेल्या. आत बसलेल्यांचं लक्ष नकाशापेक्षा दाराकडे जास्त: कोण कुणाबरोबर बाहेर गेलं, किती वेळ होतं, परत येताना दोघं एकत्र आले की मुद्दाम पुढेमागे.

परवा माझ्या वाट्याला ऑस्ट्रिया आला. ऑस्ट्रियाला मरायला वेळ लागत नाही, कारण चहूबाजूंनी शेजारी. शिवाय त्याचं त्रिएस्ते आणि इटलीचं व्हेनिस एकमेकांना खेटून आहेत. सुरुवातीलाच दोन सत्तांची घरची केंद्रं अशी लागून असणं या पटावर दुसरीकडे कुठेच नाही.

रशिया होते दादा, मित्राचे थोरले भाऊ. उभा जन्म बँकेच्या कर्ज विभागात गेलेला. लग्नाच्या याद्या करताना मुलीकडचे काका खोदून खोदून विचारतात, तसं त्यांनी मला गॅलरीत धरलं. “बुडापेस्टचं सैन्य कुठे जाणार?” सर्बियात, दादा. “नक्की? रुमानियात नाही ना? रुमानिया माझं. आणि गॅलिशियाचं काय?” म्हटलं, कुणीच जायचं नाही, मोकळं राहू दे. “मग मी वॉर्सातून युक्रेनला जातो. पण तू व्हिएन्ना हलवणार असशील तर आत्ताच सांग.” दहा मिनिटं हेच. डोकं उठलं, पण एकेक प्रांत ठरला.

इटली मात्र शाळेपासूनची मैत्रीण. ओट्याशी उभी राहून आलं किसत होती. मी म्हटलं, आपण दोघं मिळून तुर्कस्तानवर जाऊ, तू व्हेनिसमधून माझ्याकडे बघू नकोस. “चालेल.” माझं आरमार त्रिएस्तेतून अल्बानियात नेतोय. “ने की.” तुला ट्युनिस, मला ग्रीस? “तू म्हणशील तसं.” आणि गाळणं शोधायला वळली. त्रिएस्ते रिकामं झाल्यावर मागे कोण, हे तिने विचारलंच नाही.

मी कागदावर लिहिलं: व्हिएन्नातलं सैन्य त्रिएस्तेत.

हुकूम सगळ्यांनी गुपचूप लिहायचे आणि एकदम उघडायचे. हस्ताक्षर लागलं नाही तर ती सोंगटी जागची हलत नाही, म्हणून एरवी डॉक्टरी लिहिणारेही इथे बालबोध वळणात लिहितात. इटलीचा कागद वाचला गेला: व्हेनिसचं सैन्य त्रिएस्तेत. दोन्ही सैन्यं आपापल्या जागी, त्रिएस्ते वाचलं. “अगं!” एवढंच मी म्हणालो. “अरे, खेळ आहे,” ती म्हणाली आणि बिस्किटांची बशी पुढे केली. दादा बोलल्याप्रमाणे युक्रेनमध्ये उभे होते.

लोकांना वाटतं, या खेळात थापाड्या माणसाचं फावतं. मला उलट दिसतं. येता-जाता खोटं बोलणाऱ्याबरोबर दुपारनंतर कुणी गॅलरीत जात नाही. मुरलेला खेळाडू सतत खरं बोलतो आणि खोटं एकदाच, वसूल होईल तेव्हा. मेटा कंपनीने २०२२मध्ये ‘सिसेरो’ नावाचा संगणकी खेळाडू उतरवला, तोही बव्हंशी खरं बोलेल असाच घडवला होता आणि त्याने माणसांना चांगलंच पाणी पाजलं. ज्याला पुढेही तुमच्याबरोबर चालायचंय तो घासाघीस करतो, कुरकुरतो, शंका काढतो, कारण तुमच्या सैन्याच्या हालचालीवर त्याचं पोट असतं. कशालाच हरकत न घेणाऱ्याने आपला हिशेब तुम्हाला वगळून मांडलेला असतो.

मधले तास मी गाळतो. आरमारांच्या कोंडीत रस असलेले फार थोडे. संध्याकाळपर्यंत इंग्लंड संपलं होतं, इटलीकडे एकटं ट्युनिस उरलं होतं, आणि १८ केंद्रं कुणाच्याच आवाक्यात नव्हती. नियम असा की सगळ्यांनी ठरवलं तर बरोबरी होते आणि पटावर ज्याची एक जरी सोंगटी असेल त्याला सारखाच वाटा. दादांना इटली नको होती.

ती त्यांना जिन्यात घेऊन गेली. दार उघडंच होतं. “दादा, मला संपवायला तुम्हाला आरमार इजियनमधून काढावं लागेल. मग तुर्कस्तान स्मर्नातून कुठे येईल? तुम्ही काढणार का? कोणत्या खेळीत? आणि काढलंत तर तिथे मागे काय ठेवणार?” एकेक प्रांत, एकेक शंका.

दादा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “बरं, बरोबरी. पण आणखी वर्षभर ट्युनिसमधून हलणार नाहीस, एवढं मला लिहून दे.” लेखी कराराला या खेळात काडीची किंमत नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. तरी तिने लिहून दिलं, तारखेसकट.