मोटार दुरुस्तीचं शिक्षण कुणाच्या खर्चानं?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळाली, की बाग काही दिवसांतच माना टाकते. म्हणूनच रिवाइंडिंग करणाऱ्या मिस्त्रीचं कसब हे साऱ्या शिवाराचं भांडवल. ते शिकण्याचा खर्च मात्र बहुधा शिकणाऱ्या पोराच्याच माथी येतो. तुटपुंज्या पैशांवर जळकी तार उकलायची, वेढे मोजायचे, खाचेत कागद बसवून तांब्याची नवी तार भरायची, वार्निश द्यायचं. हात बसायला वर्षं जातात.

जळगाव-धुळ्याच्या सरकारी आयटीआयमध्ये मुख्य खर्च शासन उचलतं. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार विद्यावेतन मालकानं द्यायचं असतं. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१६पासून केंद्र सरकार त्या विद्यावेतनाचा काही वाटा सोसतं. दोन-तीन माणसांचं दुकान मात्र या चौकटीबाहेर राहतं, आणि गावची दुरुस्ती तर तिथंच होते. जुन्या मिस्त्रींना अनुभवावर प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत झाली, पण नवशिक्याचा प्रश्न त्यानं सुटत नाही. चांगल्या दुरुस्तीमुळे पंपकंपनीचंही नाव टिकतं. तेव्हा या पोरांच्या विद्यावेतनात कंपन्यांनी आणि शासनानं मिळून वाटा उचलायलाच हवा.