रकान्यांची मोजणी आणि मराठी अक्षर

मंदाक्रांता वृत्ताच्या चरणात १७ अक्षरे असतात. चौथ्या, दहाव्या आणि सतराव्या अक्षरावर यती येतो. छापील पानावर तेथे कोणतीही खूण नसते. वाचकास स्थान ठाऊक असते, म्हणून तो थांबतो. निश्चित लांबीचे रकाने असलेली संगणकीय फाईल याच तत्त्वावर वाचावयाची असते. रकान्यांमध्ये स्वल्पविराम नसतो, रेघ नसते. कोणता मजकूर कोठून कोठपर्यंत, हे आधी ठरलेले असते. ही रीत छिद्रपत्रांच्या काळातली. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांची छिद्रपत्रे वापरली गेली आणि १९२८ मध्ये आयबीएमने ८० स्तंभांचे पत्र आणले.

आपल्या शाळांच्या ग्रंथालयांना जवळचे उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात हेन्रिएट ॲव्हरम यांनी १९६० च्या दशकात ग्रंथनोंदींसाठी ‘मार्क’ हा आराखडा सिद्ध केला. त्यातील प्रत्येक नोंदीच्या आरंभी २४ स्थानांचा शीर्षभाग असतो आणि त्यामागोमाग एक सूची. सूचीतील प्रत्येक घटक बरोबर १२ अंकांचा. समजा, एक घटक ‘२४५००३३००१२१’ असा आहे. पहिले तीन अंक क्षेत्राची खूण: २४५ म्हणजे ग्रंथनाम. पुढील चार अंक लांबी: ३३. उरलेले पाच अंक आरंभस्थान: १२१. हे स्थान नोंदीच्या आरंभापासून नव्हे, तर प्रत्यक्ष माहिती जेथे सुरू होते तेथून मोजतात.

पायथन भाषेत हे काप घेणे सोपे आहे. मोजणी शून्यापासून होते आणि शेवटचे स्थान कापात धरीत नाहीत. म्हणून ० ते ३, ३ ते ७ आणि ७ ते १२ अशा सीमा दिल्या, की तिन्ही भाग हाती येतात.

परंतु ३३ म्हणजे ३३ काय? मराठीच्या अध्यापकाने या विषयात पडावयाचे कारण हा प्रश्नच होय. ‘श्यामची आई’ हे ग्रंथनाम घ्या. छंदःशास्त्राच्या हिशेबाने त्यात पाच अक्षरे आहेत. युनिकोड मात्र श, हलन्तचिन्ह, य, काना अशी चिन्हे वेगवेगळी मोजतो. मधली मोकळी जागा धरून ती १० होतात. यूटीएफ-८ पद्धतीत साठविताना देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि मोकळी जागा एक. म्हणजे एकूण २८ बाइट. त्यात दोन दर्शके, उपक्षेत्राची दोन चिन्हे आणि समाप्तिचिन्ह मिळविले, की ३३ भरतात. ‘मार्क’ची यूटीएफ-८ मधील लांबी बाइटांत असते. संगणकाच्या पाठ्यपुस्तकांनी या तिन्ही मापांना सरसकट ‘अक्षर’ म्हणावे, हे मला मुळीच पसंत नाही. घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे.

कारण, जी आज्ञावली आधी साऱ्या फाईलीचे मजकुरात रूपांतर करते आणि मग ३३ चिन्हे मोजते, तिला हे क्षेत्र १५ चिन्हांतच संपलेले असते. उरलेली १८ ती पुढच्या क्षेत्रातून उचलते. प्रकाशकाचे नाव ग्रंथनामाला चिकटते आणि पुढची आरंभस्थानेही चुकतात. ग्रंथ कपाटात असतो. पण शोधणाऱ्या मुलाला तो यादीत सापडत नाही.

उपाय एवढाच, की फाईल बाइटांच्या स्वरूपात उघडावी, काप बाइटांवर घ्यावेत आणि नंतरच प्रत्येक कापाचे मजकुरात रूपांतर करावे. क्रम उलटू नये. चाचणीसाठी केवळ इंग्रजी ग्रंथनामे घेऊ नयेत. साध्या इंग्रजी अक्षरास एकच बाइट लागत असल्याने तेथे दोन्ही मोजण्या जुळतात आणि दोष दिसतच नाही. पहिल्याच चाचणीत एक मराठी ग्रंथनाम ठेवावे, आणि ते नोंदीतील शेवटचे क्षेत्र नसावे.