बुटात खडे घालून चालणारा मुलगा

कॉरी डॉक्टरो यांच्या ‘लिटल ब्रदर’ या कुमार कादंबरीवर वाचक गेली अनेक वर्षं भांडत आले आहेत. त्या भांडणात आपल्याही घरातले प्रश्न आहेत.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका शाळेच्या व्हरांड्यांत कॅमेरे आहेत. ते चेहरा बघत नाहीत, चालण्याच्या लकबीवरून विद्यार्थी ओळखतात. सतरा वर्षांच्या मार्कस यॅलोला तास बुडवून सटकायचं आहे. तो दोन्ही बुटांत मूठभर खडे टाकतो आणि निघतो. खडे टोचतात, पाऊल दर वेळी वेगळं पडतं आणि यंत्राला त्याची चाल जुळवता येत नाही. 2008 साली आलेल्या ‘लिटल ब्रदर’चा सुरुवातीचाच हा प्रसंग. पाळत म्हणजे जादू नव्हे, तिची एक रीत असते आणि ती समजून घेता येते, हे कादंबरीचं सूत्र वाचकाला इथेच कळतं.

पुढे शहरातला बे ब्रिज स्फोटात उडवला जातो. पळापळीत कुणीतरी मार्कसच्या मित्राला भोसकतं. मदतीसाठी मार्कस रस्त्यावरून जाणारी लष्करी गाडी अडवतो, तर तीच माणसं या मुलांना उचलून नेतात. चौकशीत त्याच्या फोनचा पासवर्ड मागितला जातो. ‘माझं खासगी आहे’ म्हणून तो नकार देतो आणि एवढ्यावरूनच संशयित ठरतो. त्याचे हाल केले जातात, शेवटी तो मोडतो. सुटून आल्यावर त्याला दिसतं की अख्ख्या शहरावर नजर रोखली गेली आहे. मग तो खेळाच्या एक्सबॉक्स यंत्रांवर मुलांचं गुप्त जाळं उभारतो.

कादंबरी की शिकवणी?

वाचकांचे पहिल्यापासून दोन तट पडले. एक तट झपाटलेल्यांचा. कथा थांबवून लेखक जिथे संदेश कूटबद्ध कसे करायचे, वस्तूंना लावलेल्या रेडिओ चिपा काय सांगतात हे समजावतो, तीच पानं या वाचकांनी पुन्हा पुन्हा वाचली. हे पुस्तक वाचून संगणकाकडे वळलो, सुरक्षेच्या क्षेत्रात आलो, असं सांगणारे वाचक आपल्याला सतत भेटतात, असं डॉक्टरो यांनी अनेकदा सांगितलं आहे. कादंबरी प्रकाशित झाली तेव्हाच त्यांनी ती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली इंटरनेटवर फुकट ठेवली होती. वाचकांनी आपापल्या भाषांत तिचे अनुवाद केले. फुकट मिळत असूनही ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत ती पोहोचली.

दुसऱ्या तटाचं म्हणणंही खोटं नाही. मार्कस बोलता बोलता व्याख्यान देऊ लागतो. सत्तेच्या बाजूची माणसं एकरंगी आहेत, शाळेचे उपप्राचार्य तर खलनायकच. लेखकाला जे सांगायचं आहे ते तो नायकाच्या तोंडी घालतो, ही तक्रार आजही होते. तरी या शिकवणीनंच पुस्तकाला बळ दिलं, असं मला वाटतं. पाळतीच्या बहुतेक कथा वाचकाला घाबरवून सोडून देतात. ही कादंबरी त्याच्या हातात हिशेब देते.

तो हिशेब असा. दोन कोटींच्या शहरात दहा दहशतवादी लपले आहेत असं धरू. त्यांना हुडकणारी यंत्रणा 99 टक्के अचूक आहे. म्हणजे ती शंभरात एकदा चुकणार. दोन कोटींचा एक टक्का म्हणजे 2 लाख. दहा माणसं पकडण्यासाठी जवळजवळ 2 लाख निरपराध माणसांवर बोट ठेवलं जाईल, आणि खरे दहा त्या गर्दीत हरवतील. पोलिसांचा हेतू वाईट असो की चांगला, हे गणित बदलत नाही. ‘काही लपवायचं नसेल तर घाबरायचं कशाला?’ या प्रश्नाला याहून सोपं उत्तर मी वाचलेलं नाही. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, असाच माणूस त्या 2 लाखांत असतो.

‘अतिशयोक्ती’ म्हणणारे गप्प झाले

हे सगळं फार ताणलं आहे, असं म्हणणारे सुरुवातीला होतेच. पुस्तकातल्या शाळेनं दिलेले लॅपटॉप मुलांवर लक्ष ठेवतात. 2010 साली अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात लोअर मेरियन शाळा-जिल्ह्यावर खटला दाखल झाला. घरात केलेल्या गैरवर्तनाबद्दल एका विद्यार्थ्याला शाळेत जाब विचारला गेला होता, आणि पुरावा होता शाळेनंच दिलेल्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यानं त्याच्या खोलीत टिपलेला फोटो. हरवलेले लॅपटॉप शोधण्यासाठी ही सोय होती, असा शाळेचा खुलासा होता. चौकशीत हजारो छायाचित्रं आणि पडद्यांच्या प्रतिमा निघाल्या. त्याच वर्षी 6 लाख 10 हजार डॉलरवर प्रकरण मिटलं.

जून 2013 मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी सरकारच्या टेहळणीची कागदपत्रं जगासमोर आणली. हाँगकाँगच्या हॉटेलात तेव्हा चित्रित झालेल्या ‘सिटिझनफोर’ या माहितीपटात स्नोडेन यांच्या सामानात एक पुस्तक दिसतं: ‘होमलँड’, म्हणजे ‘लिटल ब्रदर’चा पुढचा भाग. जगातला सर्वांत गाजलेला जागल्या या कादंबऱ्यांचा वाचक निघाला.

एका शाळेचा प्रतिसाद

2014 साली फ्लोरिडातल्या पेन्साकोला शहरातल्या बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलनं सुट्टीत सगळ्या शाळेनं मिळून वाचायला ‘लिटल ब्रदर’ निवडलं होतं. शिक्षकांची तयारी झाली होती. ऐन वेळी प्राचार्यांनी तो उपक्रमच रद्द केला. सत्तेला प्रश्न विचारण्याचं कौतुक या पुस्तकात आहे, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. लेखक आणि प्रकाशन संस्था ‘टॉर’ यांनी मग विद्यार्थ्यांसाठी 200 प्रती मोफत पाठवल्या.

मोठ्यांच्या जगानं पुस्तकावर दिलेला हा सर्वांत बोलका अभिप्राय म्हणावा लागेल. मुलांनी काय वाचावं हे ठरवण्याची जबाबदारी शाळेवर असते, हे मान्य. पण जे पुस्तक शिक्षकांनी विचार करून निवडलं, ते प्रश्न विचारायला शिकवतं म्हणून काढून घेणं हे संरक्षण नव्हे. वर्गात त्यावर भांडण झालं असतं, दुसऱ्या तटाच्या तक्रारी मुलांनीच मांडल्या असत्या, तर शाळेचं काम झालं असतं.

वडिलांची भीतीही खरी

कादंबरीत मार्कसचे वडील पाळतीची बाजू घेतात. त्याचं कारण समजून घ्यायला हवं. स्फोटानंतर मुलगा बेपत्ता होता आणि आईवडील तो गेला असंच धरून बसले होते. पुन्हा तसं होऊ नये म्हणून ते काहीही मान्य करायला तयार आहेत.

महाराष्ट्रातल्या पालकांना हे सांगावं लागत नाही. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये राज्य सरकारनं शाळांमध्ये सीसीटीव्ही सक्तीचे केले. मुलींच्या सुरक्षिततेसाठी केलेली ती सक्ती रास्तच होती, आणि कॅमेरा नको असं म्हणणाऱ्याला त्या आईबापांसमोर उभं राहता येणार नाही. मात्र कॅमेरा लागला की प्रश्न संपत नाहीत, सुरू होतात. चित्रण कोण बघतं? किती दिवस ठेवतात? तेच चित्रण पुढे मुलांना शिस्त लावायला वापरलं तर हरकत कोण घेणार? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. तो हक्क अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर उगवत नाही.

डॉक्टरो यांनी स्वतःही या विषयाची दुसरी बाजू पुढे मांडली. 2020 च्या ‘अटॅक सरफेस’मध्ये त्यांनी मोठ्या वाचकांसाठी लिहिताना नायिका केली ती माशाला, म्हणजे पाळतीची यंत्रणा चालवणाऱ्या तरुणीला. आपण करतो ते चूक आहे हे कळत असूनही हुशार माणसं स्वतःची समजूत कशी घालतात, हे तिथे दिसतं. नुसत्या तांत्रिक क्लृप्त्यांनी पाळतीवर मात करता येत नाही, त्यासाठी कायदा आणि राजकारण बदलावं लागतं, हा धडाही त्यात आहे.

म्हणून घरातल्या आठवी-नववीच्या मुलामुलींना ‘लिटल ब्रदर’ जरूर द्या आणि स्वतःही वाचा. मार्कस तुम्हाला आगाऊ वाटेल, मुलांना वडील भित्रे वाटतील. त्यावर घरात वाद होऊ द्या. त्या वादानंतर मुलाच्या फोनमध्ये त्याचं ठिकाण कळवणारं ॲप टाकायचं ठरलंच, तर ते त्याला विचारून टाकलं जाईल, आणि ते कधी काढायचं हेही त्याच दिवशी ठरेल. शाळेच्या पालकसभेतही कॅमेऱ्याबद्दल हेच दोन प्रश्न विचारायला हवेत: कुणाला विचारून, आणि कधीपर्यंत?