सहलीचा बेत : किती आखावा, किती सोडावा?

सुटी जवळ आली की घरोघरी दोन पक्ष पडतात. एका पक्षाचे म्हणणे, "सगळं आधी ठरवून टाकू या, ऐनवेळी धावपळ नको." दुसरा पक्ष म्हणतो, "जाऊ तर द्या! तिथं गेल्यावर बघता येईल." पहिल्या पक्षात बहुधा आपण बायका असतो आणि दुसऱ्यात 'हे' आणि मुले. यात नवल काहीच नाही. तिथे गेल्यावर जे काही 'बघायचे' असते ते शेवटी कोणाच्या गळ्यात पडते, हे आपल्याला पक्के ठाऊक असते ना!

कोकणात किंवा महाबळेश्वरला जायचे असले तर हा वाद फारसा ताणला जात नाही. एखादे ठिकाण आज राहिले तर उद्या पाहता येते. पण अलीकडे मुलांचा हट्ट असतो तो थीम पार्कचा. तिथे सगळा मामला एका दिवसाचा. तिकीट भारी, रांगा लांब, आणि संध्याकाळी दार बंद झाले की संपले! म्हणूनच अशा सहलीचा बेत किती आखावा आणि मनात येईल तसे किती हिंडावे, हा प्रश्न खरोखरच विचार करण्यासारखा आहे.

माझ्या पाहण्यातली दोन उदाहरणे सांगते. आमच्या शेजारच्या वहिनींनी जाण्यापूर्वी वहीत पानभर वेळापत्रक लिहून काढले होते. अर्ध्या अर्ध्या तासाचा हिशेब! दुपारी एकपर्यंत ते दीड तास मागे पडले, आणि "चला, चला, उशीर होतोय" हेच शब्द मुलांनी दिवसभर ऐकले. उलट माझ्या नणंदेच्या घरचे सगळे नाताळच्या सुटीत, सकाळी मनात आले म्हणून निघाले. पोचले भर दुपारी. चार खेळ झाले, बाकी वेळ रांगेत गेला. दोन्ही घरची मंडळी दमून आणि थोडी रुसूनच परतली. तेव्हा चूक ना आखण्यात आहे, ना न आखण्यात. काय आखावे आणि काय आखू नये, याची निवड करता आली पाहिजे.

जत्रेतला पाळणा आणि दिवसभराचा पास

गावाकडच्या जत्रेत आपण आकाशपाळण्यात बसायचो ते तेवढ्यापुरते पैसे देऊन. आवडले तर पुन्हा बसायचे, नाही तर भेळ खाऊन घरी! तिथे बेत करायची गरजच नव्हती.

अमेरिकेत 1955 साली वॉल्ट डिस्ने यांनी डिस्नेलँड उघडले, तेव्हा तिथेही आतल्या खेळांचे पैसे निराळे पडत. लवकरच कुपनांची पुस्तके निघाली. साध्या खेळाला 'ए' कुपन, आणि बड्या खेळांना पुढच्या अक्षरांची. म्हणजे हाती कुपने मोजकी, त्यामुळे माणूस आपोआप निवड करी. 1982 साली ही पद्धत बंद झाली आणि एकाच तिकिटात दिवसभर सगळे खेळ, असे झाले. आज आपल्याकडच्या मोठ्या पार्कांतही साधारण हीच पद्धत आहे.

वरवर पाहता ही केवढी सोय! पण इथेच आपले मन फसते. एकदा पैसे भरले की ते 'वसूल' करायची घाई लागते. वीस खेळ असले तर वीसही झाले पाहिजेत. मग मुलाचे पोट दुखत असले तरी, सासूबाईंचे पाय भरून आले असले तरी, चला पुढे!

जरा हिशेब मांडून पाहू. पार्कमध्ये आठ तास मिळाले, त्यातले दोन तास जेवण, बसणे, हात-पाय धुणे यात गेले असे धरा. उरले सहा. सुटीच्या दिवशी एका खेळामागे रांग, खेळ आणि पुढच्या ठिकाणी चालत जाणे मिळून पाऊण तास सहज जातो. म्हणजे झाले आठ खेळ. वीस होणारच नव्हते! हा हिशेब घरीच सगळ्यांना सांगून ठेवला की तिथे जीव अर्धा मोकळा होतो.

हे मात्र आधी ठरवाच

माझा नियम साधा आहे. जे चुकले तर तिथे उभ्याउभ्या दुरुस्त करता येत नाही, ते आधी आखावे. जे चुकले तरी हसण्यावारी नेता येते, ते सोडून द्यावे.

पहिली गोष्ट म्हणजे वार. शनिवार-रविवार आणि दिवाळी-नाताळच्या सुट्या टाळता आल्या तर निम्मे काम झाले. आठवड्यातला मधला वार चांगला. मात्र डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली निघतात, हे मी शाळेत शिकवत असल्यामुळे चांगलेच जाणते. त्या दिवसांत मधल्या वारीही बसगाड्यांची रांग लागते.

दुसरी गोष्ट मुक्काम. खोपोली-पाली रस्त्यावरचे इमॅजिका 2013 साली सुरू झाले आणि आपल्याकडच्या पुष्कळ कुटुंबांची पहिली थीम पार्क सहल तिथेच होते. मुंबई-पुण्याच्या मंडळींना ते सकाळी निघून गाठता येते. पण सांगली, सोलापूर, नाशिककडून येणाऱ्यांनी पहाटे निघून त्याच दिवशी आत शिरायचा हट्ट धरू नये. खंडाळ्याच्या घाटात वाहतूक तुंबली की सकाळ हातची गेलीच. आदल्या रात्री खोपोलीला किंवा लोणावळ्याला उतरावे. दार उघडताना तिथे हजर असणे हीच या सहलीतली सगळ्यांत मोठी युक्ती आहे. पहिल्या तासात रांगा आखूड असतात, दुपारी फुगतात, आणि संध्याकाळी माणसे परतू लागली की पुन्हा ओसरतात. म्हणून ज्या एक-दोन मोठ्या खेळांसाठी मुलांनी वर्षभर डोके खाल्ले असेल, ते आत शिरल्याबरोबर उरकावेत.

तिसरी गोष्ट उंची. निघण्यापूर्वी मुलांना दाराच्या चौकटीशी उभे करून टेपने मापून ठेवा. बऱ्याच ठिकाणी तिकीटसुद्धा वयावर नसून उंचीवर ठरते. शिवाय मोठ्या खेळांना किमान उंचीची अट असते. ती अट उगाच घातलेली नसते. बसल्यावर अंगावर येणारा दांडा किंवा पट्टा ठराविक मापाच्या शरीरालाच घट्ट बसतो. लहान चणीचे मूल त्यातून सरकू शकते. "एकच बोट कमी आहे, सोडा हो!" असे म्हणून तिथल्या माणसाशी हुज्जत घालू नये. मुलाला घरीच सांगितले की, "हा खेळ यंदा नाही, पुढच्या खेपेला," तर ते समजून घेते. तासभर रांगेत उभे करून मग परत फिरवले, की त्याच्या डोळ्यांत पाणी येणारच.

चौथी गोष्ट कपडे. पाण्याचे खेळ असतील तर साधे सुती कपडे बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. सुती कापड पाणी धरून जड होते आणि त्याचे धागे पाणी गाळणाऱ्या यंत्रात अडकतात. नायलॉनचा किंवा लायक्राचा पोशाख लागतो. तो भाड्याने मिळतो, पण आपल्या मापाचा आणि आपल्याला संकोच वाटणार नाही असा पोशाख घरूनच नेलेला बरा. पूर्ण बाह्यांचे, गुडघ्याखाली येणारे पोशाखही बाजारात मिळतात.

पाचवी गोष्ट चुकामूक. आत शिरताच एक ठळक जागा दाखवून ठेवा आणि "हरवलास तर इथं येऊन थांब" असे बजावा. गर्दीत मोबाइलचा भरवसा धरू नये. लहान मुलाच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

खाण्याचेही आधी पाहावे. बाहेरचे डबे बहुधा आत नेऊ देत नाहीत. म्हणून सकाळी पोटभर पोहे-उपमा खाऊन निघावे आणि जेवण बाराच्या आधी किंवा दोननंतर घ्यावे, म्हणजे तिथली रांगही चुकते. तान्ह्या बाळाचे खाणे किंवा पथ्याचे काही असेल, तर काय नेता येते हे आधी फोन करून विचारावे.

बेत पाहिजे, पण हट्ट नको

बड्या बड्यांचेही बेत कोलमडतात. डिस्नेलँडच्या उद्‌घाटनाच्या दिवशी, 17 जुलै 1955 ला, खोट्या तिकिटांवर हजारो लोक आत शिरले. रस्त्यांवरचे डांबर इतके ताजे होते की बायकांच्या सँडलच्या टाचा त्यात रुतल्या. त्यातच नळकामगारांच्या संपामुळे नळांचे काम अर्धवट राहिले होते. पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे करायचे की संडास-मोऱ्या, असा प्रश्न आला तेव्हा डिस्ने यांनी संडास निवडले. कोणत्याही गृहिणीला हा निर्णय पटेल! सगळे जमत नाही असे दिसले की ज्याच्यावाचून अडते ते धरायचे आणि बाकीचे सोडायचे. आखणीचे मर्म एवढेच आहे.

आपल्याही बेतात पाऊस येतो, वीज कडाडू लागली की उंच खेळ थांबवतात, एखादा खेळ दुरुस्तीसाठी बंद असतो. अशा वेळी वहीतले पान घट्ट धरून बसले की दिवस फुकट जातो.

मुलांच्या आवडीचे तर कोणी वेळापत्रक करूच शकत नाही. आमचा धाकटा एवढे मोठे खेळ सोडून छोट्या पाळण्यात तीनदा बसला. दोन तिकिटांचे पैसे 'वाया' गेले असे कोणी म्हणेल, पण त्याचा चेहरा पाहिल्यावर मला तसे म्हणवेना. इमॅजिकात राजासॉरसच्या नावाचा एक पाण्याचा खेळ आहे. थोरलीने विचारले, "आई, हा खराच होता का गं?" होता! या डायनोसॉरचे अवशेष गुजरातमध्ये सापडले आणि 2003 साली शास्त्रज्ञांनी त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस असे नाव दिले. रांगेतली वीस मिनिटे या गप्पांत कशी गेली ते कळले नाही. घरी आल्यावर तिने आपणहून त्याचे चित्र काढले. हे काही माझ्या यादीत नव्हते.

म्हणून दुपारचे दोन-तीन तास मुद्दाम मोकळे ठेवावेत. त्या वेळात मुले म्हणतील तिकडे जायचे. झाडाखाली बसायचे असेल तर बसायचे. एकेका मुलाला 'आता तू सांगशील ते' असा अर्धा तास दिला की भांडणेही कमी होतात.

आणखी एक मोह आपल्याला आवरत नाही, तो म्हणजे एका दगडात दोन पक्षी मारण्याचा. इमॅजिकाच्याच रस्त्याने पुढे पालीचा बल्लाळेश्वर आहे, आणि खोपोलीजवळ महडचा वरदविनायक. अष्टविनायकांतले दोन गणपती इतक्या जवळ! "आलोच आहोत तर दर्शन उरकून घेऊ" असे कोणीतरी म्हणतेच. पण दर्शन हे उरकायचे काम आहे का? सासूबाई बरोबर असतील तर दुसरा दिवस त्यांच्यासाठी ठेवा. सावकाश दर्शन घ्या, पालीजवळ उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडे आहेत तीही मुलांना दाखवा. त्या दिवशी घड्याळ पिशवीत राहिले तरी चालेल.

बाकावरची आई

आता सगळ्यांत महत्त्वाचे. कुठल्याही पार्कमध्ये जा, प्रत्येक मोठ्या खेळाबाहेर बाकावर बायका बसलेल्या दिसतात. मांडीवर पर्स, बाजूला पिशव्या, हातात चार जणांचे चष्मे आणि पायांशी चपलांचे जोड. "मला नको बाई, तुम्ही जाऊन या," असे त्या म्हणतात. काहींना खरेच भीती वाटते, त्यांचे सोडा. पण पुष्कळ जणींना जायचे असते. त्यांची पाळी कोणी बेतात धरलेलीच नसते, खुद्द त्यांनीही नाही.

गंमत अशी की, डिस्ने यांना पार्कची कल्पना सुचली तीच अशा एका बाकावर! आपल्या मुलींना घेऊन ते लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जात. मुली घोड्यांच्या चक्रीवर बसत आणि हे बाकावर शेंगदाणे खात बसून राहत. मोठ्यांना आणि मुलांना मिळून मजा करता येईल अशी एखादी जागा हवी, असे त्यांना तिथे वाटले. म्हणजे आईबापांना बाकावरून उठवण्यासाठी जी जागा निघाली, तिथेच आपण जाऊन पुन्हा बाकावर बसतो!

याला उपाय दोन. एक, सामान कमी न्यावे आणि लॉकर मिळत असेल तर सरळ घ्यावा. त्याचे भाडे हा फालतू खर्च समजू नये. दोन, लहान मूल बरोबर असेल तर पाळी लावावी. आधी यांनी मोठीला घेऊन जायचे, मग त्यांनी मुलाजवळ बसायचे आणि आपण जायचे. हे घरूनच, सगळ्यांच्या देखत ठरवून निघावे, कारण तिथे गेल्यावर "अगं, आता उशीर झाला" हे वाक्य तयारच असते. गरोदरपण, पाठीचे दुखणे, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर मात्र जोराच्या खेळांपासून दूर राहावे, यात धाडस दाखवू नये.

आखणीचे कामही वाटून द्यावे. प्रवास आणि मुक्काम यांनी पाहावा, खेळांची यादी थोरल्या मुलीने करावी, पाण्याच्या बाटल्यांची जबाबदारी धाकट्याने घ्यावी. ज्याने बेतात हात घातला तो बेत बिघडल्यावर आईला बोल लावत नाही, उलट स्वतःच मार्ग काढतो.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा यादी जरूर करा. वार, मुक्काम, उंची, कपडे, भेटायची जागा एवढे तीत लिहा. दोन आवडते खेळ लिहा. त्यांच्याखाली एका खेळापुढे आपले स्वतःचे नाव लिहा. मग बाकीचे पान कोरे सोडून द्या. ते भरायला मुले समर्थ आहेत.