गाडी हलण्यापूर्वी

मोटार शिकू लागलेल्या माणसाला भीती वाटते ती हमरस्त्याची. ट्रक अंगावर येईल, चढावर गाडी बंद पडेल, मागचे लोक भोंगे वाजवतील, अशा नाना चिंता त्याला ग्रासतात. घरासमोर उभी असलेली गाडी जागेवरून बाहेर काढणे ही मात्र त्याला अगदीच क्षुल्लक बाब वाटते. वयाच्या ५४ व्या वर्षी, चिरंजीवांच्या आग्रहाखातर, मी मोटार शिकलो तेव्हा माझीही समजूत तशीच होती. ती कशी बदलली, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गेल्या आश्विनातील गोष्ट. इंदूरच्या रामबागेतील आमच्या गल्लीत भिंतीलगत गाडी उभी होती. शाळेला निघालो, गाडीत बसलो, आरशात पाहिले. मागे कोणी नाही अशी खात्री करून रिव्हर्स गिअर टाकला. इतक्यात सौभाग्यवती मी विसरलेला डबा घेऊन दारात आली आणि एकदम ओरडली. उतरून पाहतो तो शेजाऱ्यांची चार वर्षांची नात गाडीमागे उकिडवी बसून प्राजक्ताची फुले वेचीत होती! तिचे डोके मागच्या काचेच्या बरेच खाली होते. आरशात ती दिसणे शक्यच नव्हते. सुदैवाने काही घडले नाही. परंतु त्या दिवशी पहिल्या तासाला फळ्यावर तारीख लिहितानाही माझा हात कापत होता. डबा विसरला नसता तर, हा प्रश्न आजही मनातून जात नाही.

१ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींना मागील अडथळ्याची सूचना देणारे यंत्र कायद्याने आवश्यक झाले आहे. आमची गाडी त्याआधीची. अर्थात असे यंत्र असले तरी बारीक किंवा अगदी ठेंगणी वस्तू त्याला कळेलच असे नाही, आणि कॅमेऱ्याच्या काचेवर चिखल उडाला की तोही आंधळा होतो. तेव्हा नवशिक्याने पहिला धडा गाडीच्या बाहेरच गिरवावा.

दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो, पूजा करतो. त्याच श्रद्धेने रोज तिला एक प्रदक्षिणा घालावी. मागे मूल, चाकाखाली दगड, गाडीच्या सावलीत निजलेले कुत्रे, हे सारे त्या अर्ध्या मिनिटात दिसते. थंडीच्या दिवसांत मांजरे उबेसाठी इंजिनापाशी शिरतात. म्हणून बॉनेटवर दोन थापा माराव्यात. प्रदक्षिणा संपली की लगेच बसावे. मध्ये कोणाशी गप्पा झाल्या, तर ती पुन्हा घालावी.

आत बसल्यावर आसन, पट्टा आणि तिन्ही आरसे नीट करावेत, गिअर न्यूट्रलमध्ये व हॅण्डब्रेक ओढलेला आहे हे पाहावे आणि मगच इंजिन सुरू करावे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत परवान्याच्या परीक्षेसाठी जी कौशल्ये सांगितली आहेत, त्यांत आरसा जुळवणे व सुरक्षितपणे जागेवरून निघणे यांचाही समावेश आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी आहे असे समजू. उजवा इंडिकेटर द्यावा, आरसे पाहावेत आणि शेवटी मान वळवून उजव्या खांद्यावरून मागे पाहावे. बाहेरचे आरसे बहुधा फुगीर असतात. त्यांत मागची वाहने असतात त्याहून लहान व दूर भासतात. शिवाय बाजूचा काही भाग कोणत्याच आरशात येत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी स्कूटर एका सेकंदात ११ मीटर पुढे सरकते. आपण आरशात पाहून गिअर टाकीपर्यंत दोन सेकंद जरी गेले, तरी ती २२ मीटर जवळ आलेली असते! म्हणून अखेरची नजर निघण्याच्या क्षणीच टाकावी. इंडिकेटर ही आपली विनंती आहे. तिने रस्त्यावर हक्क प्राप्त होत नाही.

पुढे दुसरी गाडी खेटून उभी असेल, तर आधी मागे पाहून सरळ थोडे मागे यावे. मग क्लच हळूहळू सोडीत, गाडी सरकू लागताच स्टिअरिंग उजवीकडे वळवावे. या वेळी आपला पुढचा डावा कोपरा पुढील गाडीच्या मागील उजव्या कोपऱ्याला लागत नाही ना, इकडे लक्ष असावे. वेग माणसाच्या चालीइतकाच ठेवावा. तेवढ्या जागेतून निघत नसेल, तर पुन्हा मागे यावे. त्यात कमीपणा कसला?

बाजारात किंवा मंगल कार्यालयासमोर गाड्या एकमेकींशेजारी भिंतीकडे तोंड करून उभ्या असतात. तेथून मागे निघताना नवशिका स्टिअरिंग फार लवकर फिरवतो. मागे जाताना स्टिअरिंग फिरवले की गाडीचे नाक विरुद्ध बाजूस झुकते आणि शेजारच्या गाडीला ओरखडा काढते. यास्तव पुढचा भाग शेजारच्या गाड्यांमधून जवळजवळ मोकळा होईपर्यंत सरळच मागे यावे. याहून उत्तम उपाय म्हणजे गाडी लावतानाच उलटी लावावी. येताना आपण ती जागा नुकतीच डोळ्यांनी पाहिलेली असते. निघताना तोंड रस्त्याकडे असले की येणारे-जाणारे समोर दिसतात.

मंगलाष्टकांत भटजी ‘सावधान’ म्हणतात, ते अक्षता पडण्यापूर्वी, पडल्यावर नव्हे. मोटारीचेही तसेच आहे. मी प्रदक्षिणा घालू लागलो की गल्लीतील तरुण मंडळी हसतात, ‘सर, आरती कधी?’ असे विचारतात. हसोत बापडी. शेजारची ती नात मात्र आता ओट्यावर उभी राहून ‘आजोबा, मी इथे आहे’ असे ओरडून सांगते. मी तिला हात करतो आणि गाडीच्या मागे जाऊन, वाकून, पुन्हा एकदा पाहतो.