नॉर्थ कॅरोलायनाचा बारावा मतदारसंघ : सीमांकन आणि प्रतिनिधित्व

अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहातील जागा दर दहा वर्षांनी, जनगणनेनंतर, राज्यांमध्ये नव्याने वाटल्या जातात. मतदारसंघांच्या सीमा मात्र बहुतेक राज्यांत तेथील विधिमंडळच आखते. भारतातील परिसीमन आयोगासारखी राष्ट्रीय यंत्रणा तेथे नाही. त्यामुळे सीमांकनाचे वाद वारंवार न्यायालयात जातात. नॉर्थ कॅरोलायनाचा बारावा मतदारसंघ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

१९९० च्या जनगणनेमुळे या राज्याला बारावी जागा मिळाली. विधिमंडळाच्या पहिल्या आराखड्यात कृष्णवर्णीयांचे बहुमत असलेला एकच मतदारसंघ होता. मताधिकार कायद्यान्वये (१९६५) केंद्रीय न्याय खात्याने त्यास हरकत घेतल्यावर तसाच दुसरा मतदारसंघ निर्माण करण्यात आला. शार्लट, ग्रीन्सबोरो, डरॅम येथील कृष्णवर्णीय वस्त्या महामार्ग क्र. ८५ च्या कडेने ओवणारी ही पट्टी सुमारे १६० मैल लांब आणि काही ठिकाणी अत्यंत चिंचोळी होती. आकार विचित्र खरा. परंतु १९९२ मध्ये येथून मेल वॉट आणि पहिल्या मतदारसंघातून ईव्हा क्लेटन विजयी झाले. १९०१ मध्ये जॉर्ज हेन्री व्हाइट यांची मुदत संपल्यानंतर राज्यातून काँग्रेसवर गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय होत. लोकसंख्येत पाचव्या हिश्श्याहून अधिक असलेल्या समाजाला नव्वद वर्षे एकही प्रतिनिधी नसावा, ही बाब नकाशाच्या वेडेवाकडेपणाहून अधिक गंभीर मानावी लागेल.

सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, ५ विरुद्ध ४ मतांनी, वंशाधारित सीमांकनाला समान संरक्षणाच्या तत्त्वावर आव्हान देता येते असे ठरविले आणि १९९६ मध्ये हा मतदारसंघ घटनाबाह्य ठरविला. १९९७ मध्ये तो नव्याने आखला गेला. २००१ मध्ये त्याच न्यायालयाने तो मान्य केला. येथे कृष्णवर्णीय मतदार बहुतांशी डेमोक्रॅटिक पक्षाचेच असल्याने, रेषा वंश पाहून आखली की पक्ष पाहून, हे वेगळे काढणे दुष्कर. आणि निकाल तर नेमका त्या भेदावर अवलंबून होता.

२०११ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने येथील प्रौढ कृष्णवर्णीयांचे प्रमाण ४३.८ वरून ५०.७ टक्क्यांवर नेले. वॉट आधीच सहज निवडून येत असल्याने या भरतीची गरज नव्हती. तिने शेजारच्या मतदारसंघांतील त्यांचे बळ तेवढे घटले. २०१७ मध्ये न्यायालयाने ही रचनाही रद्द ठरविली.

तत्पूर्वी, २०१६ मध्येच, कनिष्ठ न्यायालयाच्या आदेशामुळे बारावा मतदारसंघ शार्लटच्या मेक्लेनबर्ग काउंटीपुरता आक्रसला होता. त्या नकाशात १३ पैकी १० जागा रिपब्लिकनांना मिळाव्यात, हा हेतू उघडपणे सांगितला गेला. पक्षीय सीमांकनाचा प्रश्न संघीय न्यायालयांच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय याच नकाशासंदर्भात २०१९ मध्ये झाला. वॉट यांच्यानंतर २०१४ मध्ये निवडून आलेल्या अ‍ॅल्मा अ‍ॅडम्स मूळच्या ग्रीन्सबोरोच्या राजकारणातील; ते शहरच मतदारसंघाबाहेर गेल्याने त्यांनी आपला मुक्काम शार्लटला हलविला.